जुन्या कॉम्प्युटरवरची भिडू

पहिल्यांदाच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतोय. बहुतेक किश्श्यांत घाट असतो, गाडी बंद पडते, आणि एक बाई लिफ्ट मागते. भुतांना एसटीचं वेळापत्रक का कळत नाही, हा मला पडलेला जुना प्रश्न.

माझ्या किश्श्यात यातलं काहीही नाही. भर दुपार आहे, सोलापूर आहे (म्हणजे ऊन आलंच), आणि भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर आहे. घाबरायला आलेल्यांनी आत्ताच उठावं... राग येणार नाही.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता रिटायर आहे. विजापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मी, बायको शैला आणि आई. आई मूळची वैरागची, लग्न होऊन सोलापुरात आली आणि पुढची सगळी हयात तिनं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, शेजारी मी अभ्यासाला. माझी पदवी त्या सुपातून आलेली आहे. कॉलेजच्या निरोप समारंभात मात्र वक्त्यांनी माझं यश 'संस्थेच्या पवित्र वातावरणाला' दिलं आणि मला 'थोर क्रीडाप्रेमी' म्हणून शाल घातली. मी आयुष्यात एकच खेळ खेळलोय. मेंढीकोट.

तोच या गोष्टीच्या मुळाशी आहे, म्हणून ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार जण, समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू. तेरा-तेरा पानं. चार दश्शा (दहाची पानं) असतात, त्या जास्त पकडेल तो जिंकला. चारही पकडल्या की कोट. कोट झालेल्या माणसानं त्या दिवशी जास्त बोलू नये, असा आमच्या घरचा नियम.

आईची भिडू नरसम्मा.

नरसम्मा पद्मशाली समाजाची, घरात तेलुगू. आईच्या शेजारी बसून तिनंही जन्मभर बिड्याच वळल्या. आम्ही फ्लॅटमध्ये आलो तरी ती सिटी बसनं यायची, जिना चढून धापा टाकत, आणि आल्या आल्या म्हणायची, "अक्का, तू वर राहायला गेला, आता देवाच्या जवळ हाय. माझा पण नाव सांग." मग पत्ते. एकीकडे आई आणि ती, दुसरीकडे मी आणि शैला.

नरसम्माची एक खोड होती. ती पहिला हात कधीच करायची नाही. हातात एक्का असला तरी दाबून ठेवायची आणि खालचं पान टाकायची. हात प्रतिपक्षाला. कधीकधी त्याच हातात एखादी दश्शीसुद्धा जायची, आणि आई कपाळ बडवून घ्यायची.

"एक्का घिऊन बसलीस की गं! मांडीखाली अंडी घालतो का त्यो?"

"पैला हात छाटाला, अक्का. मग बाकी सगळा आपला."

छाट म्हणजे काय, तर कारखान्यात वळलेल्या बिड्या द्यायला गेलं की चेकर आधी त्यातल्या काही बाजूला काढायचा. ही जाड, ही सैल, ही वाकडी. त्या छाट. त्याचे पैसे नाहीत. चांगल्या असोत, वाईट असोत, चेकरचा हात आधी फिरणार हे ठरलेलं. नरसम्मानं त्यावर कधी भांडण केलं नाही, पण तो नियम तिनं सगळ्या आयुष्यालाच लावून टाकला होता. भाजी केली की पहिला चमचा बाजूला. नवी साडी आणली की आधी पदराचा एक धागा ओढून टाकायची. आणि पत्त्यात पहिला हात. त्याचं त्याला दिलं की मग नजर लागत नाही.

जिंकायला बसलेला कुठलाही माणूस असं खेळत नाही. हे लक्षात ठेवा.

लॉकडाऊनच्या आधी आधी नरसम्माच्या मुलानं तिला तेलंगणात आपल्याकडे नेलं. "आठ-पंधरा दिवसांत येतो अक्का, चटणी करून ठेव," असं ती फोनवर म्हणाली. आई भेटायला गेली नाही. आठ-पंधरा दिवसांसाठी काय जायचं? मग सगळंच बंद झालं. नरसम्मा तिकडेच गेली. आम्हाला कळलं ते कितीतरी उशिरा, भाजी बाजारात, तिच्या गल्लीतल्या एका बाईकडून, कांदे निवडता निवडता. आई घरी आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "नरसू गेली म्हनं." एवढंच. रडली नाही. पत्त्यांचा कॅट मात्र कपाटात गेला तो गेलाच. शैलानं एकदा काढला तर म्हणाली, "भिडू कुटं हाय?"

पुढं तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात बसून बसून ती गप्प होत चालली होती. शैलानं तिला मोबाइलवर मेंढीकोटचं ॲप घालून दिलं. पण आईचं बोट मोबाइलला कळेना. बिड्या वळणाऱ्या बायकांचं हे नेहमीचंच आहे, बोटांची टोकं इतकी झिजलेली असतात की रेशनच्या मशीनवर ठसा उमटत नाही, आणि काचेवर बोट टेकवलं तर काच ओळखच देत नाही. आईनं चार-पाच वेळा बोट दाबलं आणि फोन परत केला. "ह्येला म्या दिसतच न्हाय."

मग मी हॉलच्या कोपऱ्यातल्या माझ्या जुन्या डेस्कटॉपवर तोच खेळ घालून दिला. कॉलेजनं निकालात काढलेला, मी हौसेनं आणलेला. त्यात विंडोज जुनं, माझ्याइतकंच. पण माउस होता. माउसला बोटाचं टोक लागत नाही. दोन दिवसांत आई त्यावर पटाईत झाली. खेळाचं नाव मी देत नाही, त्यांची जाहिरात कशाला. नाव-गाव न घालता 'पाहुणा' म्हणून खेळता येतं. समोर येणारा भिडूसुद्धा 'पाहुणा'च. कोण, कुठला, काही कळत नाही.

दुपारची जेवणं झाली की आई तिथं बसायची. मी सोफ्यावर पेपर घेऊन. एके दिवशी ती पाठ न वळवता म्हणाली, "दिलप्या, नरसू आली बग."

मी पेपर खाली केला. मला वाटलं, झालं... वय झालं.

"कुठं?"

"ही की. माज्या म्होरं. पैला हात सोडला तिनं. आन् आता एक्का काडला."

मी समजावलं. एखाद्या नवशिक्याला असं होऊ शकतं. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. मग मी खुर्ची ओढून बसायला लागलो. पहिला हात भिडू करायचाच नाही. आणि नंतर त्याच रंगाचा एक्का शांतपणे बाहेर यायचा, म्हणजे तो पहिल्यापासून हातात होता. आई मोठ्यानं ओरडायची, "मांडीखालचा काडला का गं आता?" आणि हसायची. कितीतरी महिन्यांनी हसायची.

आमचा वाद व्हायचा तो असा.

"आई, भूतबीत काही नसतं."

"म्या कुटं म्हनते भूत हाय? म्या म्हनते नरसम्मा हाय."



मी ग्रंथपाल माणूस, पडताळा घ्यायची खोड. एकदा आई आंघोळीला गेली असताना मी स्वतः बसलो. भिडू सरळ खेळला. एक्का आला की टाकला, पहिलाच हात घेतला. पाच-सहा डाव खेळलो, प्रत्येक वेळी सरळ. मग आईला शेजारी बसवलं, पानं तिनं सांगायची, माउस माझ्या हातात. तरी सरळ. मग माउस तिच्या हातात दिला... एक्का दाबला गेला. मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शैला म्हणाली, "झालं का तुमचं संशोधन? आता त्या दोघींना खेळू द्या." 'दोघींना' म्हणाली.

गेल्या वर्षी एका दुपारी खेळ उघडताच पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली. 'आमच्या लाडक्या खेळाडूंना अधिक समृद्ध अनुभव देण्याच्या आमच्या अखंड प्रवासात...' असं काहीतरी लांबलचक. कॉलेजच्या वार्षिक अहवालांनी माझे कान तयार केलेले आहेत. ज्या वाक्यात 'प्रवास' येतो, त्यात कुणाला तरी मधेच उतरवणार हे नक्की. तसंच निघालं. जुन्या विंडोजवर हा खेळ महिनाअखेरपर्यंतच चालेल, नंतर नवीन घ्या.

"काय म्हनतंय?" आईनं विचारलं.

"या कॉम्प्युटरवर बंद होणार म्हणे. महिनाअखेरीला. दुपारी तीनला."

आईनं पदरानं पडदा पुसला. मग म्हणाली, "सांगून तरी चालली. मागल्या टायमाला तेवडंबी न्हाई."

मला तिथून उठावं लागलं.

अर्थात प्रयत्न केले. आमच्या ओळखीचा इरफान, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यानं डबा उघडून बघितला आणि मान हलवली. "सर, इसमें नया विंडोज डाले तो ये बैठ जाएगा. इसकू अब आराम देव." त्याच्याकडूनच एक वापरलेला लॅपटॉप घेतला, त्याला माउस लावला, त्यावर खेळ घातला. आईनं तीन डाव खेळून बघितले. तिथला भिडू दर हाताला चपलेचं चित्र फेकून मारत होता. आईनं माउस सरकवला. "ह्यो कोन रं? आईबापानं वळन न्हाय लावलं."

मी खेळाच्या कंपनीला इंग्रजीत एक सविस्तर मेल लिहिला. माझ्या वृद्ध आईचा अमुक भिडू, जुन्या आवृत्तीवर भेटतो, तो नव्या लॅपटॉपवर जोडून देता येईल का? चक्क उत्तर आलं. सभ्य होतं. जुन्या आवृत्तीवर आता माणसं जवळपास उरलेलीच नाहीत, तुमच्या आईंच्या टेबलावर बाकीचे तिन्ही खेळाडू बहुधा आमचा संगणकच चालवतो, असं त्यात होतं. बॉट.

म्हटलं, सुटलो. कोडं सुटलं. मग लक्षात आलं, सुटलं कुठं? संगणकाला पहिला हात सोडायला कोणी शिकवलं? आणि तो माझ्याबरोबर का सोडत नाही?

आईला सांगावं की नाही, यावर दोन दिवस घातले. शेवटी सांगितलं. "आई, तिथं माणूस नाहीये. मशीन आहे."

"आसंल की." ती लसूण सोलत होती. "चेकर तरी कुटं मानूस व्हता? जलम काडला की त्याच्यासंगं."

शेवटचा दिवस आला. सकाळी घरभर शेंगा कुटल्याचा आवाज. आईनं उखळात शेंगदाण्याची चटणी केली. मिक्सरमध्ये नाही, उखळात, कारण नरसम्माला मिक्सरची चालायची नाही. कडक भाकरी आणवल्या. दोन्ही एका धुतलेल्या फडक्यात बांधून कॉम्प्युटरशेजारी ठेवलं. कुणी गावाला निघालं की आमच्याकडे रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत, शिदोरी देतात. आयुष्यात शाली, श्रीफळं, मानपत्रं पुष्कळ पाहिली, काही मानपत्रं तर मीच लिहून दिली, 'ज्ञानाचा अखंड तेवणारा नंदादीप' वगैरे. कुणाला निरोप द्यायचा म्हणजे त्याला कुठली चटणी आवडते हे आठवायचं, हे कुठल्याच समितीला सुचलं नव्हतं.

जेवण लवकर उरकून आई बसली. तोंड धुतलेलं, पातळ बदललेलं. शैला आणि मी मागे. पहिला डाव आटपला. दुसरा वाटला. आई मनात काहीतरी जमवत होती. पहिला हात भिडूनं सोडला. आईनं खाकरून घसा साफ केला आणि म्हणाली, "नरसू, आयकतीस का..."

आणि लाइट गेली.

पंखा थांबला, पडदा काळा. खाली कुठंतरी रोहित्र उडाल्याचा आवाज झाला होता म्हणे. मी वीज कंपनीला फोन लावत राहिलो, शैला गॅलरीतून खाली विचारत राहिली. आई खुर्चीतून हलली नाही. तीन वाजून गेले. उन्हं उतरल्यावर लाइट आली. मी घाईघाईनं कॉम्प्युटर लावला. पडद्यावर फक्त ती सूचना, खाली 'ठीक आहे' असं बटण. दुसरं काही दाबायला नव्हतंच.

आईनं फडकं उचलून मांडीवर घेतलं.

"परत तसंच झालं की रं," म्हणाली.

माझ्या आईनं सासू-सासऱ्यांचं केलं, नवऱ्याचं केलं, संपात उपाशी दिवस काढले. तिला कशानं वाकलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती ते गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. शैलानं हळूच विचारलं, "आत्या, चटणी ठेवू का आत?" तर म्हणाली, "ठेव. कुनीतरी खाईल." जेवली नाही.

नंतर ती दुपारी झोपायला लागली. झोपायची म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडायची. लॅपटॉपकडे बघायचीही नाही. बोलणं 'व्हय' आणि 'न्हाय' वर आलं.

आठवडाभर गेला असेल. इरफान म्हणाला होता, डबा आणून द्या, भंगारवाल्याकडे लावतो. त्यात माझे काही जुने स्कॅन केलेले लेख होते, ते पेन ड्राइव्हवर घ्यावेत म्हणून मी दुपारी कॉम्प्युटर लावला. इथं एक गोष्ट नीट सांगतो, कारण नंतर याच गोष्टीवर मी बरंच डोकं फोडलंय. नेटची वायर त्यात नव्हती. ती मी काढून लॅपटॉपला लावली होती, आणि लॅपटॉप आतल्या खोलीत शैलापुढे होता. डेस्कटॉपला वायफाय नाही, कधीच नव्हतं. बाहेरच्या जगाशी त्या डब्याचा संबंध फक्त विजेच्या प्लगपुरता.

फाइली जायला लागल्या. वेळ लागणार होता. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो.

चहाला उकळी येते आहे तोवर हॉलमधून आईचा आवाज आला. मला वाटलं शैलाशी बोलतेय.

"...आन् पानी आता लई आंतरानं येतंय, चार-चार दिस. तुमच्या गल्लीत तर ईचारूच नगं. तुजी ती सुशी, तिच्या पोरीचं लगीन झालं. पोरगा बरा हाय म्हनत्यात, दात म्होरं हायती जरा..."

मी गाळणी हातात घेऊनच बाहेर आलो. आई कॉम्प्युटरपुढे बसलेली. उजवा हात माउसवर. पडद्यावर हिरवं टेबल, वाटलेली पानं. समोरच्या जागेवर 'पाहुणा'.

मी आधी मागे जाऊन बघितलं. वायरीची जागा रिकामी होती. बोट घालून बघितलं. रिकामी.

"आई... हे कुणी लावलं?"

"गप की. डाव चाललाय," ती म्हणाली. मला नाही, डासाला म्हणावं तसं.

डावीकडच्यानं इस्पिकची दश्शी उतरली, पहिल्याच हाताला. कुणीही शहाणा असं करत नाही, पण उतरली. आता भिडूची पाळी. मला माहीत होतं काय होणार. खालचं पान पडणार, दश्शी जाणार, आई कपाळ बडवणार.

इस्पिकचा एक्का पडला.

पहिल्या हाताला. सरळ, उघडा, दाबून न ठेवता.

आईचा हात माउसवर थांबला. मी मनात म्हटलं, गेली... ही ती नाहीच, ही मशीनच. आईला आता हेही कळणार.

आई पडद्याकडे बघत होती. मग तिचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला, जसा उन्हातून सावलीत आल्यावर पडतो.

"व्हय गं," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "तितं कुटला आलाय चेकर."

पुढचं पान टाकून ती हसायला लागली.

सगळा डाव ती बोलत होती. गुडघ्यात आता स्टील हाय. चटणी केलती, लाइट गेली, मग कामवालीला दिली, वाया न्हाय गेली. पोरानं तुला नीट बगितलं का शेवटी? म्या याया पायजे व्हतं गं, पर तू म्हनलीस आठ-पंदरा दिसात येती. भिडू हात करत होता, एकामागून एक, कुणाला काही न देता. दुसरी दश्शी आली, तिसरी आली. चौथी आईनंच हुकमानं मारली. कोट.

आईनं माउस सोडला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. "बरं," म्हणाली. "जा आता. सावकास जा."

पडदा क्षणभर लुकलुकला. मग माझी फाइलींची खिडकी समोर होती. 'कॉपी पूर्ण झाली.'

चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा शैला आतून बाहेर आली. तिनं माझ्या हातातली गाळणी बघितली, आईचा चेहरा बघितला, आणि माझ्या चहाबद्दल एक शब्दही बोलली नाही. आमच्या संसारात हेही पहिल्यांदाच घडत होतं.

इरफानला मी हे तपशिलासकट सांगितलं. तो हसला नाही. त्यानं डबा दुकानात नेऊन तपासला. पत्ते वाटले जातात ते कंपनीकडच्या मशीनवर, आपल्याकडे नाही. नेट नसेल तर हा खेळ टेबलसुद्धा दाखवत नाही. "सर, मैं इतनाच बोलता," तो म्हणाला, "इसकू भंगार में नको डालो." त्यामुळे डबा आमच्या कोपऱ्यात आहे. मी नंतर तो अनेकदा लावून पाहिला, वायर जोडून आणि न जोडता. सूचनेपलीकडे काही येत नाही. आई तर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ती आता दुपारी खाली पार्किंगमध्ये बायकांना घेऊन पत्ते कुटते आणि कोट झाला की मला वर ऐकू येईल इतकी ओरडते.

मी कारणं शोधली. आईनं चुकून काहीतरी जुनं साठवलेलं उघडलं असेल. मला उन्हाची झापड आली असेल. दोघांनाही एकच भास झाला असेल, मायलेक आहोत. यातलं एकही कारण मी दुसऱ्या कुणी दिलं असतं तर ग्राह्य धरलं असतं. पण मी तिथं उभा होतो, आणि वायरीच्या भोकात माझंच बोट होतं.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, मीही तेच विचारलं असतं: मोबाइल खिशात होता ना, मग एक फोटो का नाही काढला?

होता. सुचलंच नाही. एक्का पडल्यानंतर मी पडद्याकडे फारसं बघितलंच नाही. मी आईकडे बघत होतो.